घारेभाऊंच्या दोन चाळण्या

कोणी नुकताच उठून गेला असेल, तर त्या खुर्चीवर घारेभाऊ लगेच बसत नसत. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत जागा मिळणं अवघड. एकजण उठला की मागचा ताट घेऊन टपलेलाच असे. घारेभाऊ मात्र ताट हातात धरून खुर्चीकडे बघत उभे राहायचे. आमटी गार व्हायची. कोणी म्हणालं, "भाऊ, बसा की, रिकामीच आहे," तर म्हणायचे, "दिसती तरी रिकामी." मग आणखी थोडं थांबून बसायचे. नवे लोक हसत. जुने हसत नसत, कारण त्यांनी अशी खुर्ची घारेभाऊंच्या कॅमेऱ्यातून पाहिलेली असे.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. वडिवळ्याला स्वतःच्या घरी, झोपेत, हृदय बंद पडून गेले. त्या जाण्यात गूढ काही नव्हतं. जे गूढ होतं ते आधीचं आहे, आणि ते मी जसं पाहिलं-ऐकलं तसं लिहितो आहे. माझा स्वभाव अंदाजाने बोलण्याचा नाही. जिथे खात्री नाही तिथे तसं म्हणेन.

कामशेतजवळच्या एका कारखान्यात मी मोजमापाच्या उपकरणांचं काम बघतो. तापमापक, दाबमापक, वजनकाटे ठरल्या वेळी तपासायचे, चूक निघाली तर दुरुस्त करायचे, नाहीतर बाद. घारेभाऊ आमच्या अग्निशमन विभागाचे प्रमुख. घरची भातशेती, उमेदीची वर्षं देहूरोडला लष्करी डेपोच्या अग्निशमन दलात गेलेली. इस्त्रीचा गणवेश, कलप लावलेल्या मिशा, आणि स्वतःबद्दल भरपूर चांगलं मत. "तालुक्यात आगीतलं कळणारी दोनच मानसं," असं म्हणायचे, आणि समोरच्याने दुसरा कोण असं विचारलं की, "त्यो अजून सापडायचाय." मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. बाजारात धान्य मापून देणारा तो मापाडी, म्हणून मीही मापाडी. चिडले की मापाडीसाहेब.

कारखान्याने थर्मल कॅमेरा घेतला तेव्हा तो आधी माझ्याकडे तपासायला आला आणि मग त्यांच्याकडे गेला. आमची ओळख खरी तिथून. हा कॅमेरा उजेड बघत नाही, उष्णता बघतो. धुरात स्वतःचा हात दिसत नाही अशा ठिकाणी त्याच्या पडद्यावर भिंत, दार, पलंग वेगवेगळे दिसतात, कारण प्रत्येकाची उष्णता थोडी वेगळी असते. जास्त गरम ते पांढरं, कमी ते काळं.

नव्या माणसांना घारेभाऊ आगीच्या गाड्यांमागच्या बिनखिडकीच्या खोलीत नेत. पहिला धडा ठरलेला. कोणाला तरी भिंतीवर पंजा टेकवून उभं करायचे, मग म्हणायचे, हात काढ, बाहेर जा. दार बंद. मग कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊन भिंतीकडे बोट दाखवायचे. भिंतीवर पाच बोटांचा पांढरा पंजा तसाच असायचा. हात नाही, हाताचा मालक बाहेर चहा पितोय, आणि पंजा भिंत दाबून उभा. हळूहळू बोटांची टोकं आधी विरत, मग तळवा. खुर्चीचंही तेच. माणूस उठून गेला तरी खुर्चीत मांड्या आणि पाठ बसलेली दिसे. घारेभाऊ त्या आकाराला 'बसून गेलेला' म्हणत, जसं एखाद्या पाहुण्याबद्दल बोलावं. "बसून गेलेला हाय अजून. जाऊ द्या त्याला, मग बसा."

खोलीत हसणं सुरू होई आणि मग आपोआप थांबे. मी स्वतः तो पंजा पुष्कळदा पाहिला. भिंतीचा पृष्ठभाग किती अंशांनी तापतो, किती वेळात निवतो, हे सगळं मला मोजून ठाऊक होतं. तरी बोटं विरायला लागली की मी दाराकडे सरकत असे.

कदम हा त्यांचा उजवा हात. कासारसाईकडचा, अंगाने दांडगा, आगीत पुढे, एरवी भित्रा. त्याची एक गोष्ट घारेभाऊ त्याच्या तोंडावर सांगत. सरावासाठी कँटीनच्या स्वयंपाकघरात धूर सोडला होता. कदम कॅमेरा घेऊन आत गेला आणि ओरडतच बाहेर आला, की आत एक उंच माणूस आहे, माझ्याच अंगावर चालून येतोय, बोलत नाही. घारेभाऊ त्याला पुन्हा आत घेऊन गेले. शीतपेटीचं स्टीलचं चकचकीत दार होतं. कॅमेऱ्याला असं दार आरशासारखं. कदम स्वतःलाच भेटला होता.

"त्याला रामराम तरी करायचास," घारेभाऊ म्हणायचे. "पाव्हना घरचाच व्हता."

काच, स्टील, पाणी यांतून कॅमेरा पलीकडचं बघत नाही, उलट आपल्यालाच परत दाखवतो, हे या गोष्टीतून सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. अशा सगळ्या धड्यांवर मिळून घारेभाऊंनी एक वाक्य बनवलं होतं. ते वाक्य आमच्याकडे म्हणीसारखं झालं: कॅमेरा भूत दाखवतो आणि माणूस लपवतो.

भूत म्हणजे तो पंजा, ती खुर्ची. माणूस कसा लपवतो, ते थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्या कॅमेऱ्याला संवेदनशीलतेच्या दोन पातळ्या होत्या. पहिल्या पातळीत तो साधारण दीडशे अंशांपर्यंतच बघे, पण तेवढ्या आवाक्यात अगदी बारीक फरकही वेगळ्या छटेत दाखवी. समोर पुष्कळ तापलेलं काही आलं, ज्वाळा किंवा पेटलेलं छत, की तो आपणहून दुसऱ्या पातळीवर जाई. मग त्याला पाचशे-सहाशे अंशही झेपत, पण बारीक फरक जात. छटा तेवढ्याच, त्या आता कितीतरी मोठ्या पट्ट्यात वाटायच्या. माणसाचं अंग आणि त्याच्याखालची गादी एकाच करड्या रंगात मिसळून जात. हा बदल होताना चित्र क्षणभर गोठतं, टक असा आवाज येतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक बारका हिरवा त्रिकोण उमटतो. याहून जास्त कॅमेरा काही सांगत नाही.

आणि तो त्रिकोण हिरवा. आमच्या कारखान्यात हिरवं म्हणजे ठीक चाललंय, लाल म्हणजे थांबा. यंत्रांवर तसे दिवे, फरशीवर तसे पट्टे. त्यामुळे पहिल्या सरावात जवळजवळ सगळ्यांनी त्रिकोण बघून समजूत करून घेतली की आता कॅमेरा नीट लागला. नेमका तेव्हाच तो अर्धा आंधळा झालेला असे.

मी फळ्यावर आकडे मांडून हे शिकवलं. घारेभाऊ शेवटच्या बाकावर बसून शांतपणे ऐकत होते. किती अंशांना बदल होतो ते त्यांनी सगळ्यांकडून घोकून घेतलं. मग पिशवीतून घरून आणलेल्या दोन चाळण्या काढल्या, एक कणी चाळायची बारीक आणि एक खळ्यावरची मोठी. मोठीत ओंजळभर तांदूळ आणि शेतातली ढेकळं टाकून हलवली. तांदूळ खाली वर्तमानपत्रावर सांडला, चाळणीत ढेकळं राहिली.

"ढेकूळ म्हंजी जाळ," ते म्हणाले. "तांदूळ म्हंजी मानूस. आता वरनं बगनारा काय म्हनंल? चाळणीत तांदूळ न्हाईच. आरं, तांदूळ हाय. तुजी चाळण मोठी हाय."

मग काय करायचं? जाळाकडून कॅमेऱ्याचं तोंड फिरवायचं. जमीन, कोपरा, भिंतीचा पाया, थंड असेल तिकडे बघायचं. त्रिकोण गेला म्हणजे बारीक चाळण परत आली. मग जाळ चौकटीत येऊ न देता हळूहळू खोली बघायची. आणि त्रिकोण जात नसेल, तर त्या खोलीबद्दल आपल्याला काही माहीत नाही, एवढंच माहीत आहे असं समजायचं.

यातूनच त्यांचा तो कडक नियम आला. खोली तपासून आलेल्या माणसाने 'कोणी नाही' म्हणायचं नाही. 'कोणी दिसत नाही' म्हणायचं. आणि त्रिकोण होता की नव्हता ते सांगायचं. कोणी चुकून 'आत कोणी नाही' म्हणाला की ते त्याला तसाच परत आत पाठवत. "न्हाई म्हनायला तू काय देव हायस? दिसत न्हाई म्हन." हळूहळू त्यांच्या घरातही ते चालू झालं. साखर संपली का विचारलं तर वहिनी म्हणायच्या, "डब्यात दिसत न्हाई."

खंडाळ्याच्या आगीला मी नव्हतो. घारेभाऊ आणि कदम या दोघांकडून वेगवेगळं ऐकून, ताडून जे जुळलं तेवढंच लिहितो.

दरीच्या कडेला एक जुना बंगला होता, त्याचं हॉटेल केलेलं. श्रावणातली दुपार. धुकं इतकं की रस्त्यावरून बंगल्याचं फाटकही दिसत नव्हतं. आग खालच्या स्वयंपाकघरात लागली आणि लाकडी छतातून वर चढली. आसपास मोठी आग लागली की आमचीही गाडी मदतीला जात असे, तशी ती गेली. पाहुणे सकाळीच खोल्या सोडून गेलेले. नोकर बाहेर आलेले. व्यवस्थापकाने नोंदवहीवरून माणसं मोजली, संख्या जुळली. तरी वरचा मजला बघितल्याशिवाय घारेभाऊ राहणार नव्हते. ते आणि कदम जिना चढले.

दरीकडची शेवटची खोली बंद होती. तिची किल्ली खाली फळ्यावर टांगलेली, म्हणजे कागदोपत्री खोली रिकामी. घारेभाऊंनी दार तोडलं आणि गुडघ्यांवर आत गेले. आत धूर गच्च. कदम मागे पाण्याचा पाइप धरून, एक हात घारेभाऊंच्या पट्ट्यात.

पडद्यावर खोली नीट दिसत होती. कोपऱ्यात त्रिकोण नव्हता. कपाट, टेबल, गॅलरीचं दार, आणि भिंतीला लागून पलंग. पलंगावर एक माणूस कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, गुडघे थोडे पोटाशी. खांदा, कमर, पाय, सगळं वेगळं काढता येईल असं. घारेभाऊंनी हाक मारली. आकार हलला नाही. ते दोन हात पुढे सरकले, आणि वरचं छत फुटून जाळ खोलीत उतरला.

टक. चित्र गोठलं. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. आणि पलंग सपाट.

त्यांनी कॅमेरा जमिनीकडे फिरवला. त्रिकोण गेला नाही. भिंतीच्या पायाकडे फिरवला. गेला नाही. खोलीत थंड असं काही उरलंच नव्हतं. ते पलंगाकडे हातांनी चाचपत निघाले, तेवढ्यात छताचा एक तुकडा मध्ये पडला आणि कदमने पट्ट्याला धरून त्यांना फरफटत बाहेर काढलं. कदम मागे होता, त्याने पडदा बघितला नव्हता. बाहेर आल्यावर घारेभाऊंचा मुखवटा काढला तर ते एकच सांगत होते: आत माणूस आहे.

आग संध्याकाळच्या आधी विझली. ती खोली पूर्ण बसली होती. राख, कोळसा, पलंगाच्या लोखंडी पट्ट्या, सगळं घारेभाऊंनी स्वतः फावड्याने बाजूला करून बघितलं. काही मिळालं नाही. हाड नाही, दात नाही, बकल नाही. गावात, बंगल्यांवर, स्टेशनवर विचारलं. कोणी हरवलेलं नव्हतं.

मग लोकांनी त्यांची समजूत घालायला सुरुवात केली, आणि त्यासाठी त्यांचंच वाक्य वापरलं. भाऊ, तुम्हीच शिकवलंत ना, कॅमेरा भूत दाखवतो. गादी तापली असेल. खालून जाळ येत होता, त्याचा तसा आकार उमटला असेल. कोणी नोकर चोरून पडला असेल आणि उठून गेला असेल, बसून गेलेल्यासारखा निजून गेलेला. घारेभाऊ ऐकून घेत. एकदा मात्र म्हणाले, "निजून गेलेला आसंल तर गेला कुटं? येवढं सांगा. म्या लगेच झोपतो."

त्यांना हवं होतं ते एवढंच. त्या खोलीत त्यांनी माणूस सोडला की नाही.

कॅमेरा त्यांनी माझ्याकडे आणला. मी तो सगळ्या पद्धतींनी तपासला, तापवलेल्या पट्टीसमोर, थंड पाण्यासमोर, दोन्ही पातळ्यांवर. बदल ठरल्या जागी होत होता, चित्र स्वच्छ होतं. कॅमेऱ्यात दोष निघाला असता तर किती बरं झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी सांगितलं, कॅमेरा बरोबर आहे. जे दिसलं ते तिथे होतं. पण ते अंग होतं की अंगाची ऊब, हे पडद्यावरून सांगता येत नाही. ते म्हणाले, "तुमी खोटं सांगत न्हाई म्हनून तुमच्याकडं आलो," आणि कॅमेरा टेबलावर ठेवून निघून गेले.

त्यानंतर ते बदलले असं मी म्हणणार नाही. मिशांना कलप तसाच, टोमणे तसेच. पण मुदतीआधी निवृत्ती घेतली. कँटीनमधल्या निरोपाच्या चहाला कदम रडला. त्यांनी त्याला सांगितलं, पुरे, आगीत येवढं पाणी मारलं असतंस तर छत पडलं नसतं.

वडिवळ्याला मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येई. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून ते ओसरीवर बसत. वहिनी मला आत बोलावून हळूच सांगायच्या, की ते झोपेत दोन हात पुढे करून काहीतरी चाचपतात. एकदा वहिनींच्या खांद्याला त्यांचा हात लागला तर दचकून उठले आणि म्हणाले, हाय गं, हाय.

असे तीन पावसाळे गेले. मग मुलीला विमानतळावर सोडायला मी भाड्याची गाडी केली. ड्रायव्हर संतोष, तिशीचा, बोलका, कान्ह्याकडचा. परत येताना घाट चढून खंडाळ्यात आलो तर त्याने काच खाली केली आणि झाडांमधल्या काळ्या भिंतींकडे मान वळवली. म्हणाला, काका, या बंगल्यात मी मरता मरता वाचलोय.

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. पाहुण्यांबरोबर आलेल्या ड्रायव्हरांना हॉटेलवाले खोली देत नाहीत; ते गाडीतच झोपतात. पण त्या बंगल्याच्या मागच्या लोखंडी जिन्याने वरच्या गॅलरीत जाता येई, आणि शेवटच्या खोलीच्या गॅलरीकडच्या दाराची कडी लागत नसे. ड्रायव्हर मंडळींना हे ठाऊक होतं. खोली रिकामी असली की दुपारी तासभर तिथे आडवं व्हायचं. त्या दिवशीही पाहुण्यांना सकाळी स्टेशनवर सोडून, गाडी रस्त्यावर लावून तो तिथे झोपला होता. धुराने जाग आली, जिना स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जात होता आणि तिथून ज्वाळा बाहेर येत होत्या, तेव्हा गॅलरीतून खाली घाणेरीच्या रानात उडी मारली आणि पळाला. मालकाला कळलं तर काम जाईल म्हणून कोणाला बोलला नाही.

मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. घारेभाऊंनी पाहिलेला माणूस माझ्या पुढच्या सीटवर बसून गुटखा चघळत होता. मी त्याला तिथूनच थेट वडिवळ्याला घेऊन गेलो.

घारेभाऊंनी सगळं ऐकलं. वहिनींनी चहा दिला. संतोष सांगून झाल्यावर पाया पडला आणि म्हणाला, आबा, तुम्ही माझ्यासाठी आत गेलात, मला माहीत नव्हतं. घारेभाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला निरखत होते. चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की पलंगावर तू कुठल्या कुशीवर होतास.

"पलंगावर?" संतोष म्हणाला. "पलंगावर मी न्हवतो, आबा. मी खाली जाजमावर व्हतो, गॅलरीच्या दाराशी. पलंगावर त्यो व्हता."

वहिनींच्या हातात कपबशी तशीच राहिली.

हळूहळू एकेक विचारून जे निघालं ते एवढं. संतोष आत आला तेव्हा पलंगावर आधीच कोणी तरी झोपलं होतं. तोंड भिंतीकडे, गुडघे पोटाशी. आपल्यासारखाच कोणी ड्रायव्हर, असं समजून तो आवाज न करता खाली आडवा झाला. चेहरा पाहिला नाही. धुराने उठल्यावर त्याने हाक मारली, ओ भाऊ, धूर झालाय. पलंगावरचा हलल्यासारखा वाटला. संतोष थांबला नाही. उडी मारल्यावर मागे काही तरी जड पडल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं नाही.

मी घारेभाऊंकडे बघायचं टाळत होतो. चांगली बातमी म्हणून मी हे त्यांच्या घरात आणलं होतं. पण ते खचलेले दिसले नाहीत. पाठ ताठ करून बसले होते, पूर्वी फळ्यासमोर बसत तसे.

"म्हंजी म्या बराबर बगितलं व्हतं. आंग आसंल न्हाईतर ऊब, पन मानूस व्हता," ते म्हणाले. "आन खोलीत न्हाई घावला, तर ह्याच्या मागनं उडी मारून खाली आसंल."

हे इतकं सरळ होतं, आणि तीन वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बंगल्याखालचा उतार कोणी तपासलाच नव्हता, कारण माणसांची संख्या जुळली होती. मी आयुष्यभर संख्या जुळवत आलो आहे. पण नोंदवहीत नाव नाही, मागच्या जिन्याने आलेला, घरी वाट बघणारं कोणी नाही, असा माणूस बेरजेत येतच नाही. तो वजाही होत नाही.

पोलिसांना सांगितलं. त्यांनी हरवलेल्याचं नाव विचारलं. ते आमच्याकडे नव्हतं. मग एका रविवारी दुपारी घारेभाऊ, कदम आणि मी खंडाळ्याला गेलो. राखणदार घारेभाऊंना ओळखत होता, त्याने फाटक उघडलं. भाद्रपद संपत आला होता तरी धुकं दरीतून वर येतच होतं. मी तपासून ठेवलेला कॅमेरा बरोबर नेला होता. घारेभाऊंनी तो गाडीतच ठेवायला लावला. म्हणाले, तीन वर्सांत मानूस गार झाला आसंल, ह्याचं काम न्हाई आता. पिशवीतून कोयता काढला.

कदमला त्यांनी आपल्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक धरून उताराच्या तोंडाशी उभं केलं. मला मागच्या लोखंडी जिन्याने वर गॅलरीत जाऊन, जिथून उडी मारली असेल तिथे, कठड्यापाशी उभं राहायला सांगितलं. छत गेलं होतं पण गॅलरीचा स्लॅब शाबूत होता. म्हणाले, धुक्यात दिशा कळणार नाही, तेव्हा वरून बोलत राहा, तुमच्या आवाजाखाली शोधत जाईन. मी विचारलं, काय बोलू.

"मापाडी ना तुमी? पाढे म्हना."

त्या दिवशी काय सापडलं, असं मला पुष्कळांनी विचारलं. काही सापडलं नाही. अंधार पडायच्या आत ते वर आले, हात-तोंड घाणेरीने ओरबाडलेलं, आणि मी त्यांना घरी सोडलं. दाराशी म्हणाले, चहा घेऊन जा. मला उशीर झाला होता. दिवाळीच्या आत ते गेले. पण मला शेवटचे आठवतात ते दाराशी उभे असलेले नाहीत.

आठवतं ते असं. मी जळक्या गॅलरीत उभा राहून बेचा पाढा म्हणतोय, मग तीनचा. खाली पिवळा रेनकोट घाणेरीत वाकत, उठत पुढे जातोय. धुकं आधी त्यांच्या पायांवर येतं, मग कमरेवर, आणि मग रेनकोट दिसेनासा होतो. कोयत्याचा आवाज तेवढा राहतो. मध्येच खालून हाक येते, "मी डाव्या अंगाला हाय, मोठ्यानं म्हना," आणि मी आवाज चढवतो. बारा, तेरा, चौदा. माझाच आवाज दरीतून उशिरा परत येतो, त्यामुळे दोघं पाढे म्हणताहेत असं वाटतं. सतराच्या पाढ्यावर आलो आणि कोयता थांबला. सतरा चोक अडुसष्ट म्हणून मीही थांबलो. वर उताराच्या तोंडाशी कदमच्या हातातला दोर सैल पडलेला. पानांवरून पाणी ठिबकत होतं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं तर नुसतं पांढरं.

मग खालून घारेभाऊ बोलले. मोठ्याने नाही, शेजारी कोणी झोपलेलं असताना आपण बोलतो तसं.

"थांबू नका. आमी ऐकतोय."

सतरा पाचा पंच्याऐंशी, मी म्हटलं, आणि पुढे म्हणत राहिलो.